मळखाऊ नव्हे, मायाळू तपकिरी!

दसरा जवळ आला की घरोघरी एक चर्चा हमखास सुरू होते. यंदा रंग काढायचा का? आणि काढायचा तर कुठला? स्वयंपाकघराचा प्रश्न फारसा येत नाही, तिथे उरलेला डबाही चालतो. खरा खल होतो तो बैठकीच्या खोलीवर. पिस्ता की आकाशी, मोतिया की गुलाबी? अशा वेळी कुणी चुकून ‘तपकिरी’ म्हणालंच, तर सगळे नाक मुरडतात. ‘अंधारी वाटेल’, ‘कचेरीसारखं दिसेल’, ‘म्हाताऱ्या माणसांचा रंग तो!’ मग घरातलं एखादं समजूतदार माणूस म्हणतं, ‘असू दे गं, मळखाऊ आहे. मुलांचे हात लागले तरी दिसत नाहीत.’ बिचाऱ्या तपकिरीची बाजू कुणी घेतलीच, तर ती एवढीच.

मैत्रिणींनो, आज मला या रंगाची बाजू जरा नीट घ्यायची आहे. बचत गटांच्या कामासाठी मी गेली कित्येक वर्षं चिपळूण आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांमधून फिरते. कुठल्याही घरी गेलं की आधी बसवतात ते बैठकीच्या खोलीत. चहा येईपर्यंत डोळे आपोआप भिंतीवरून, खुर्च्यांवरून, पडद्यांवरून फिरतात. इतक्या खोल्या पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडच्या घराला तपकिरी रंग आणावा लागत नाही, तो आधीपासून घरात असतोच. दाराची चौकट, जुना बाक, कोपऱ्यातलं शिसवी कपाट, पायपुसणं, सूप, परसातली माती. आपण फक्त त्याच्याकडे बघायचं विसरलेलो असतो. आणि मग जे घरात आहे ते मोडीत काढून, हप्त्याने त्याच रंगाचं नवं काहीतरी आणतो!

रंग एक, नावं पन्नास

‘तपकिरी’ हा शब्द तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीवरून आला. खाकी आला फारसीतल्या ‘खाक’वरून, म्हणजे धूळ. कत्थई हा विड्यातल्या कातावरून. या तीन शब्दांतच तीन वेगळ्या छटा आहेत. रंगाच्या दुकानात जाण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघा. बदाम, जिरं, धणे, दालचिनी, जायफळ, लवंग, खजूर, गूळ, नारळाची करवंटी, वाळलेलं आमसूल. गूळसुद्धा पिवळसर वेगळा आणि काळपट वेगळा. दुधाचा चहा एका छटेचा, कोरा चहा दुसऱ्या. इतकं सुंदर शेड कार्ड कुठल्या कंपनीने काढलेलं नाही. मी तर बायकांना सांगते, दुकानदाराला ‘ब्राऊन द्या’ म्हणू नका, ‘जिऱ्यासारखा द्या’ म्हणा. त्याला लगेच कळतं.

गंमत म्हणजे इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नाही. तपकिरी म्हणजे खरं तर काळोखात गेलेला नारिंगी. रंगारी नारिंगीत थोडा काळा घालतो आणि तपकिरी तयार होतो. म्हणजे मुळात तो उबदार घराण्यातला, शेकोटी आणि दिव्याच्या ज्योतीचा भाऊबंद. तो उदास वाटतो तेव्हा दोष बहुधा त्याचा नसतो. त्याच्या शेजारी आपण काय ठेवलं आणि त्याच्यावर उजेड कसा टाकला, यावर सगळं असतं.

आपल्या कोकणात तर हा रंग जमिनीतूनच वर येतो. जांभा दगडात लोह भरपूर, म्हणून तो तांबूस-तपकिरी. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. याच जातीच्या दगडाला इंग्रजांच्या चाकरीतल्या फ्रान्सिस बुकाननने मलबारात पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमधला विटेचा शब्द त्याने उचलला, कारण तिथले लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत होते. आपल्या आजोळची घरंही अशीच चिऱ्यांची. गेरूतला लालपणाही लोखंडाचाच आणि मातीतलाही. तेव्हा तपकिरी काही परका पाहुणा नाही.

चिखल वेगळा, माती वेगळी

हे सगळं मला मुद्दाम लिहावंसं वाटलं ते आमच्या गटातल्या एका मैत्रिणीमुळे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात तिचं तळमजल्यावरचं घर बुडालं. २००५ च्या पुराची आठवण गावाला होतीच, पण हे पाणी त्याच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो, तेव्हा बैठकीच्या खोलीत घोटा बुडेल एवढा गाळ होता. सोफ्याचा भुसा बाहेर आला होता. टीव्हीचं युनिट फुगून पावासारखं झालं होतं. तिने मोठ्या हौसेने करून घेतलेलं शोकेस हात लावताच पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होतं. ते सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं.

राहिल्या दोनच वस्तू. सासऱ्यांच्या वेळचा फणसाच्या लाकडाचा बाक आणि सागवानी झोपाळ्याची फळी. त्या धुतल्या आणि पडवीत सावलीला विटांवर ठेवून महिना-दीड महिना वाळू दिल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर तडकल्या असत्या. रंग उडाला, पण सांधा हलला नाही.

पुढची दोन वर्षं घर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर निघालं. मग मुलीचं शिक्षण संपत आलं, घरी पाहुणे येणार-जाणार असं बोलणं सुरू झालं आणि मैत्रिणीचे यजमान म्हणाले, खोली आता नीट करून टाकू. नवा सोफासेट, नवं युनिट, भिंतीला कागद. साठ हजारांचा अंदाज निघाला. बाक आणि फळी जुन्या फर्निचरवाल्याला द्यायची होती. तो देत होता ती रक्कम सांगायलाही लाज वाटेल अशी. उरलेले पैसे उभे करायला ती गटाकडे कर्ज मागायला आली.

आमच्या गटात कर्ज मागणाऱ्या बाईला कुणी आडवं लावत नाही, पण बैठकीत प्रश्न मात्र विचारतो. ‘युनिट कशाचं करणार?’ एकीने विचारलं. प्लायचं. ‘परत पाणी आलं तर?’ सगळ्या गप्प झाल्या. तिथूनच विषय निघाला की आहे त्या बाकाभोवती खोली उभी राहते का ते बघू. खोली तपकिरी छटांत करू, लाकडाशी जुळेल. तशी ती एकदम म्हणाली, ‘ताई, त्या रंगाचं नाव काढू नका. चार दिवस मी त्याच रंगात हात घालून बसले होते. आता तोच भिंतीला देऊ?’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं तिच्या सासूबाईंनी, तेही नंतर घरी. ‘चिखल तो वेगळा आणि माती ही वेगळी गो. अंगण सारवताना हात घालतेसच ना?’ मी त्यात आणखी काही बोलले नाही. ठरलं एवढंच, की तपकिरी राहील लाकडात आणि कापडात. मोठ्या भिंती उजळच ठेवायच्या. पुढचं काम करता करता तिचं मन तिनेच वळवलं.

उजळ किती, गडद किती

खोली दहा बाय चौदा, खिडकी एकच, पूर्वेला. आपल्याकडच्या बहुतेक बैठकीच्या खोल्या अशाच. अशा खोलीत सजावटीचं साधं गणित लक्षात ठेवायचं. दहातले सहा भाग फिकट, तीन भाग मध्यम आणि एक भाग गडद. फिकट म्हणजे भिंती, छत आणि मोठा पडदा. यांना मलई, बदामाचा गर, खूप दूध घातलेल्या चहाचा रंग. मध्यम म्हणजे लाकूड, जमीन, बसायच्या गाद्या. गडद म्हणजे दोन-चार अभ्रे, फोटोची चौकट, एखादं पितळी भांडं ठेवलेला कोनाडा. तपकिरी खोली अंधारी होते ती हे गणित उलटं झालं की. कॉफी रंगाच्या भिंती, त्यावर गडद पडदे आणि वर चॉकलेटी सोफा. मग दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो.

एखादी भिंत गडद करायची हौस असेल तर खिडकीच्या समोरची निवडा. तिच्यावर उजेड पडतो आणि रंग खुलतो. ज्या भिंतीत खिडकी आहे तीच गडद केली, तर बाहेरच्या लख्ख उजेडाशेजारी ती काळीच दिसते.

मैत्रिणीच्या घरी आम्ही गडद भिंत केली नाही. जुन्या घरांत असायचा तसा, जमिनीपासून तीन फुटांचा गेरूच्या रंगाचा पट्टा काढला. तो पुसता, धुता येईल अशा इमल्शनमध्ये, आणि वरची सगळी भिंत मलई. कल्पना सासूबाईंची. मुलांचे, पाहुण्यांचे पाठीचे आणि हातांचे डाग पडतात ते तेवढ्याच उंचीवर. पट्ट्यामुळे खोली बसकी न दिसता नीटस दिसली.

रंग घेताना थेट मोठा डबा घेऊ नका. सगळ्यात लहान डबा आणा, भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. कार्डावरची टिचभर पट्टी आणि भिंतभर रंग यांत फार फरक पडतो. भिंतभर झाला की प्रत्येक रंग गडद वाटतो, म्हणून मनातल्यापेक्षा एक छटा फिकट घ्यावी.

आणखी एक. तपकिरीचे दोन घराणे आहेत. एक लालसर, म्हणजे गेरू, वीट, लवंग यांचं. दुसरं पिवळसर, म्हणजे गूळ, मध, धणे यांचं. एका खोलीत मुख्य घराणं एकच ठेवा. दुसऱ्याला पाहुणा म्हणून बोलवा, बिऱ्हाड करू देऊ नका.

दिवा बदला, खोली बदलते

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दिवा. आपल्याकडे ‘लख्ख पांढरा’ दिवा चांगला, अशी समजूत आहे. पण या निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी रंग राखेसारखा मरगळतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, पूर्वीच्या बल्बसारखा. बैठकीच्या खोलीत बसण्याच्या जागी पिवळसर दिवा लावा, लाकडाला लगेच मधाचा रंग येतो. मुलं तिथेच अभ्यास करत असतील किंवा तुम्ही शिवण घेऊन बसत असाल, तर त्या कोपऱ्यात ४००० चा वेगळा दिवा ठेवा. दोन्हींची कामं वेगळी.

मैत्रिणीच्या मुलीने बुरुडाकडून एक नवी रोवळी आणली आणि उलटी टांगून तिच्यात दिवा सोडला. बांबूच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणारी नक्षी बघायला शेजारच्या बायका येऊन गेल्या. मात्र अशा शेडमध्ये एलईडीच हवा. जुना तापणारा बल्ब बांबूजवळ लावू नये.

लाकूड ओळखा

नवा फणस पिवळाधमक असतो. वर्षं जातात तसा तो गडद मधाळ तपकिरी होत जातो. सागाला मुळातच तेलकट तकाकी असते. शिसवी जांभळट काळसर. आपल्या घरात यातलं काय आहे हे आधी सुताराला दाखवून विचारा. त्यावर कुणीतरी कधीतरी जाड ऑइलपेंट फासलेला असतो आणि आपल्याला वाटतं, टाकाऊ आहे.

जुना रंग खरवडायच्या आधी एक महत्त्वाची सूचना. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त असू नये, हा आपल्याकडचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. ते लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला करून घासा, काम बाहेर करा, नाकाला चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा. पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा.

मग पॉलिश. लाखेचं पॉलिश सुंदर चमकतं, पण गरम कप किंवा पाणी लागलं की पांढरी चकती उमटते. रोजच्या वापराच्या बाकाला जवसाचं तेल बरं, हार्डवेअरच्या दुकानात ते ‘डबल बॉइल’ म्हणून मिळतं. पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचा, वरचं पुसून घ्यायचं आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. इथे एक सावधगिरी घ्या. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणात पसरून वाळवा आणि मगच टाका. कोकणात वाशांना, दारांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे. वाळवी दूर राहते आणि लाकूड काळपट तपकिरी होतं. पण ते तेल अंगाला लागलं तर फोड येतात आणि वासही उग्र. घरात बसायच्या वस्तूला ते लावू नये.

नवं काही करायचंच असेल तर सुताराला ‘प्लाय’ एवढंच सांगून भागत नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाण्याने फुगतात. वर कितीही सुंदर सागवानी कागद चिकटवलेला असो, आत दाबलेला भुसा असतो. साध्या प्लायवर आयएस ३०३ हा क्रमांक असतो. पाण्याला जास्त टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असतो. शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि पूर येणाऱ्या गावात तळमजल्यावर माझा सल्ला एकच. भिंतीला ठोकलेलं जड युनिट नको, उचलून माडीवर नेता येईल असं फर्निचर ठेवा.

जुनी साडी, कोरा चहा

कापडाची बाजू आपल्या हातातली. जुन्या सुती साडीतून सोळा इंची उशांचे दहा अभ्रे सहज निघतात. साडी साडेपाच मीटर लांब, पन्ह्यात दोन पट्ट्या बसतात आणि मागे पाकिटासारखी दुमड घेतली तर एका अभ्र्याला साधारण सव्वा मीटरच्या आत कापड लागतं... म्हणजे पट्टीला एक मीटर सहा सेंटिमीटर धरून चाला. चेन नको, बटण नको. तपकिरीबरोबर सगळ्यात खुलतो तो निळा, कारण नारिंगीचा समोरचा रंग निळा. एखादी निळी इरकल विरली असेल तर तिला पोतेरं करू नका. गडद बाकावर तिचे दोन अभ्रे ठेवा आणि बघा. हिरवा तर निसर्गानेच तपकिरीशेजारी ठेवला आहे, खिडकीत मनी प्लांटची एक बाटलीही पुरते.

पांढऱ्या सुती कापडाला घरच्या घरी बदामी रंग देता येतो. कापड आधी साबणाने धुऊन खळ काढून टाका. दोन लिटर पाण्यात आठ-दहा चमचे चहा पावडर पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि त्यात चमचाभर तुरटी विरघळवा. ओलं कापड तासभर बुडवून अधूनमधून हलवत राहा, नाही तर चट्टे पडतात. सावलीत वाळवा. वाळल्यावर रंग फिकट होतो, हे धरून चाला. उन्हाने तो हळूहळू उडतो, म्हणून पडद्याला नको, टेबलक्लॉथला आणि अभ्र्यांना छान. जमिनीवर काथ्याची चटई अंथरली की झालं. काथ्या हा आपल्या किनारपट्टीचाच तपकिरी.

भिंतीवर काय लावायचं, हा प्रश्न उरतो. मला तपकिरी रंगाचा धडा सगळ्यात चांगला मिळाला तो वारली चित्रांतून. पालघर, डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत. खाली शेणमातीचा किंवा गेरूचा थर आणि वर फक्त तांदळाच्या पिठाचा पांढरा. बाकी एकही रंग नाही, तरी भिंत नाचते! हीच चित्रकला जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. तपकिरीवर पांढरा किती थोडा पुरतो, हे त्या चित्रांत बघावं. गेरूच्या पट्ट्यावर एखादी पांढरी रांगोळीची वेल आपणही काढू शकतो. चित्र मात्र घ्यायचं तर कारागिराकडूनच घ्यावं, छापील नको.

मळखाऊपणाचा गैरसमज

आता त्या मळखाऊ शब्दाकडे येते. हा रंग मळ लपवतो, हे निम्मंच खरं. मध्यम, जरा खडबडीत पोताचा तपकिरी मळ पोटात घेतो. पण गडद, गुळगुळीत, पॉलिश केलेल्या लाकडावर धूळ जितकी दिसते तितकी पांढऱ्यावरही दिसत नाही. आणि पावसाळ्यात बुरशी! आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावणात कपाटाच्या मागे बघा, गडद लाकडावर पांढरी बुरशी चटकन नजरेला येते. मी तर याला त्या रंगाचा गुण मानते. आजार लपत नाही. लाकडी सामान भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ठेवा, आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा, ऊन पडेल त्या दिवशी दारं-खिडक्या उघडा. आणि ओल असलेल्या भिंतीला रंग देऊच नका. पोपडे येणार म्हणजे येणार. आधी ओल कुठून येते ते शोधायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच रंग.

बसतं कोण, पुसतं कोण

मैत्रिणीच्या खोलीचा हिशेब शेवटी आठ हजारांत बसला. त्यात रंग, तेल, सुताराची दोन दिवसांची मजुरी, झोपाळ्याच्या नव्या कड्या, दिवे आणि गाद्यांचा कापूस. कर्ज तिने तेवढंच घेतलं आणि सहा महिन्यांत फेडलं. यजमान सुरुवातीला फुरंगटले होते. ‘पाहुण्यांसमोर जुना बाक?’ म्हणाले. मग पाहुणे आले, त्या बाकावर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हा कुठून करून घेतला हो?’ त्यानंतर त्या बाकाची कहाणी यजमानच रंगवून सांगू लागले. मुलीने मात्र एक वाक्य माझ्या कानात सांगितलं, ‘मावशी, मला बघायला येणाऱ्यांना कर्जाच्या सोफ्यावर बसवायचं नव्हतं.’ मला खोलीपेक्षा ते वाक्य जास्त आवडलं.

बैठकीच्या खोलीत बसतात पाहुणे आणि पुरुष. झाडतो, पुसतो, चहाचे कप उचलतो आपण. पण तिचा रंग, तिचं फर्निचर, तिचा खर्च ठरताना आपण बहुतेक वेळा दाराच्या चौकटीत उभ्या असतो. ‘तुला काय कळतं त्यातलं’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला तरी भेटलेली नाही. तेव्हा कळून घेऊया. प्लायवरचा क्रमांक, दिव्यावरचा आकडा, लाकडाची जात, भिंतीची ओल. एवढं कळलं की चौकटीतून आत येऊन, बाकावर बसून बोलता येतं.

यंदा रंगाची चर्चा निघाली की आधी माळ्यावर चढून बघा, पडवीत बघा, सासूबाईंना विचारा. जुनी फळी, जुना पाट, रंगाखाली दडलेलं एखादं कपाट नक्की सापडेल. एक कोपरा घासून पुसून तेलाचा एक हात द्या. खालून जो रंग वर येईल, त्यालाच विचारा बाकीची खोली कशी सजवू म्हणून. तो बरोबर सांगेल!